पुढच्या जत्रेला

परभणीच्या स्टेशन रोडवर एक पिवळी पाटी होती, 'भुजंग-चंद्रभान रेकॉर्डिंग सेंटर'. गल्ल्यावर बसायचा तो भुजंग. जाहिरात करून घ्यायला आलेला दुकानदार खुर्चीत टेकला, चहा आला, की हमखास विचारायचा, "दुसरे मालक दिसेनात?" भुजंग कपातला चहा बशीत ओतता ओतता म्हणायचा, "गावाकडं गेलेत." वर्षानुवर्षं हेच उत्तर. विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण चंद्रभानाचा आवाज त्यानं सकाळीच रिक्षाच्या भोंग्यातून ऐकलेला असायचा. लग्नाच्या पत्रिकासुद्धा दोघांच्या नावानं यायच्या. आता गंमत बघा, चंद्रभान मरून कैक वर्षं झाली होती. ऊसतोडीच्या फडावर, भुजंगाच्या डोळ्यांदेखत.

दचकू नका एवढ्यात. पहिल्यापासून सांगतो, म्हणजे कुठं दचकायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

दोघंही बोरीचे, एका आळीतले, एका वयाचे. घरी कोरडवाहू जमिनीचे तुकडे, त्यामुळं ज्वारी पेरून झाली की बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचं, हे ठरलेलं. भुजंगाच्या गळ्यात देवानं काय घातलं होतं त्यालाच ठाऊक. एसटीचा कंडक्टर, तलाठी, निजामाच्या जमान्यातलं उर्दू फेकणारा म्हातारा कारकून, दावणीला अडून बसलेली म्हैस, कुणाचीही नक्कल काढायचा, अगदी हुबेहूब. जत्रेत, उरुसात, लग्नाच्या मांडवात माणसं पोट धरून लोळायची. पण नुसता भुजंग म्हणजे अर्धीच मजा. उरलेली अर्धी त्याच्या डाव्या बाजूला बसलेली असायची. चंद्रभान मांडी घालून, एक हात गुडघ्यावर टेकवून, सुतकी चेहऱ्यानं ऐकत राहायचा, आणि किस्सा ऐन रंगात आला की जड आवाजात विचारायचा, "बरं, मग?" बस्स, एवढंच. एवढ्यावर मांडव उसळायचा. त्या दोन शब्दांना जो हशा मिळायचा तो भुजंगाच्या अख्ख्या म्हशीला मिळत नव्हता, आणि भुजंगाला ते आतून टोचायचं.

चंद्रभानाची हौस एकच होती. कार्यक्रम संपवून बैलगाडीतून परत निघालं, की तो हळूच म्हणायचा, "भुजंगा, एकदा मला नक्कल करू दे. तू नुसतं बरं मग म्हण." भुजंग खालचा ओठ एका बाजूला ओढून उत्तर द्यायचा, "पुढच्या जत्रंला बघू, पुढच्या जत्रंला." चंद्रभान मान डोलवायचा. मग घर जवळ आलं की बजावायचा, घरी सांगू नको हां, मनकर्णा हसंल. मनकर्णा म्हणजे त्याची बायको. इतका भिडस्त माणूस की स्वतःच्या बायकोपुढंही त्यानं ही हौस कधी बोलून दाखवली नाही. त्यामुळं ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडाभर दंगल पेटली. गोरगरिबांच्या वस्त्या जाळल्या माणसांनी, काय सांगायचं. त्या वर्षी हसवायला कुणी बोलावलं नाही आणि बोलावलं असतं तरी तोंड उघडलं नसतं. त्या वर्षी चंद्रभानानंही काही मागितलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मागितलं. त्याच्या पुढच्या वर्षीही.

मग आली ती कर. कर म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, चांगल्या कामाला वर्ज्य. आपल्याकडं त्या दिवशी जाणता माणूस गाडी जुंपत नाही. पण मुकादमाला कारखान्याची घाई होती, आणि चंद्रभानाला नाही म्हणता येत नसे. उसानं भरलेली गाडी उतारावर कलली ती थेट त्याच्या अंगावर. मनकर्णा सासूच्या आजारपणामुळं त्या साली बोरीतच होती. भुजंगानं धावत जाऊन मोळ्या उपसल्या, चंद्रभानाचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे ओठ हलत होते. भुजंगानं कान लावला तर तो म्हणत होता, "मी सांगू का, भुजंगा?" आणि भुजंगाच्या तोंडून, कसं कोण जाणे, तेच निघून गेलं, "पुढच्या जत्रंला, चंद्रभान. पुढच्या जत्रंला तूच सांग." वर्षानुवर्षांची जीभ ती, तिला प्रसंग कुठला कळतो? चंद्रभानानं ते ऐकलं आणि डोळे मिटले.

अग्नी तिकडंच दिला. भुजंग राखेचं गाठोडं घेऊन बोरीला आला. दहाव्याला नदीवर चंद्रभानाचा भाऊ रामकिशन यानं पिंड ठेवला आणि सगळे बाजूला सरून कावळ्याची वाट बघत बसले. समोरच्या बाभळीवर कावळ्यांची ही गर्दी, पण एक खाली उतरेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे सगळ्यांनाच माहीत. रामकिशननं हात जोडून शब्द दिला, वैनीला जन्मभर अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. मनकर्णेनं सासूला सांभाळायचा शब्द दिला. तरी नाही. भुजंगाला पक्कं ठाऊक होतं की इच्छा कुठली ती. पण चारचौघांत, सुतकात, नदीवर उभं राहून नकलांचं काय बोलायचं? लोकांनी शेण घातलं असतं तोंडात. आणि खरं सांगायचं तर, मेल्यावरसुद्धा त्याला आपली जागा द्यायला भुजंगाचं मन धजत नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि मंडळी घरी गेली. मनकर्णा मात्र मागं वळून वळून बाभळीकडं बघत होती.

पुढं वर्षभरानं पाथरीला एका कापडदुकानाच्या उद्घाटनाला भुजंगाला बोलावलं. एकटाच गेला. कंडक्टर केला, तलाठी केला, म्हैस केली. माणसं नुसती बघत राहिली. तेवढ्यात त्याचा डावा हात आपोआप गुडघ्याकडं गेला आणि तोंडातून जड आवाज निघाला, "बरं, मग?" मंडप कोसळला हसून. लोक हसत होते तोवर भुजंग मात्र गार पडला होता. सगळ्या पंचक्रोशीच्या नकला त्यानं घोटल्या होत्या, पण चंद्रभानाची नक्कल त्यानं उभ्या जन्मात एकदाही केली नव्हती. ती न घोटताच आली.

आली तर आली. पोटापुढं माणूस फार विचार करत नाही. दुकानाचे मालक माणिकराव हुशार, त्यांनी भुजंगाला आपल्या परभणीतल्या दुसऱ्या दुकानासाठी सायकलरिक्षावर भोंगा बांधून दिला. भुजंग ओरडायचा, माणिकरावांकडं नवी इरकल आलीय. चंद्रभान विचारायचा, "बरं, मग?" पोरंसोरं रिक्षामागं पळायची, बाया दारात यायच्या. मग टॉकीजवाले आले, बियाणंवाले आले, पुढारी आले. पुढं त्यानं टेप घेतला, कॅसेटी भरून द्यायला लागला, ऊसतोडीची गाडी कायमची सुटली. स्टेशन रोडला दुकान झालं. पाटीवर दोघांची नावं घातली ती प्रेमानं की भीतीनं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची बायको कोकिळा दुकानात दोन कप चहा पाठवायची. दुसरा कप कशाला म्हणून विचारलं तर म्हणायची, पाटीवर दोघं हाईत ना.

आता दचकायचं असेल तर इथून पुढं दचका.

पहिल्यांदा घाबरला तो मुंजाजी, भुजंगाच्या जाहिरातीची ऑटोरिक्षा चालवणारा. वैशाखातली भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. मुंजाजीनं मशीन बंद केली, कॅसेट काढून खिशात टाकली आणि रांजणातलं पाणी प्यायला वाकला. तर मागून भोंगा म्हणाला, "बरं, मग?" मुंजाजी तांब्या तिथंच टाकून रिक्षा पळवत दुकानात आला. भुजंगानं त्याची थट्टा केली, बॅटरीत राहिला असंल करंट, म्हणाला. मुंजाजी म्हणाला, मालक, करंट कुणाची चौकशी करत नसतो. दुसऱ्या दिवसापासून तो रिक्षाच्या आरशाला लिंबू-मिरची बांधायला लागला.

दुसरी गोष्ट कोकिळेच्या ध्यानात आली. एकदा तिनं कपाटातली जुनी कॅसेट लावली आणि पाठोपाठ ताजी. भुजंगाचा आवाज दोन्हीकडं तोच, तरणा आणि खणखणीत. पण चंद्रभानाचा आवाज नव्या कॅसेटीत घोगरा झाला होता, शब्दाआधी दम घेत होता. "भावजी थकले वो," ती म्हणाली. भुजंग चिडला. त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यानं पुन्हा तोच आवाज तरणा काढायचा प्रयत्न केला, तर गळ्यातून नुसता खोकला आला. मेलेला माणूस म्हातारा होत चालला होता आणि भुजंगाच्या हातात काही नव्हतं.

पण धंद्याला त्याचं काय? त्र्याण्णव साली भुजंगानं गच्चीवर डिश बसवली, गल्लोगल्ली काळ्या वायरी ओढल्या. घराघरांत केबल गेली. दोन सिनेमांच्या मधे दुकानांची चित्रं दिसायची आणि त्यावर दोघांचं बोलणं चालायचं. व्यापाऱ्यांची एकच अट असायची, आवाज दोघांचाही पाहिजे. आमच्या भुजंगाची छाती त्या दिवसांत अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी. बोरीचा नकल्या परभणीत आवाजांचा मालक झाला होता.

त्याच वर्षी पितृपक्षाच्या तोंडावर भूकंप झाला, लातूरकडं गावंच्या गावं गाडली गेली. सर्वपित्रीला साऱ्या मराठवाड्यानं रडत घास टाकले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मनकर्णा एसटीनं परभणीला आली. दुकानात शिरली तेव्हा नेमकी चंद्रभानाची कॅसेट चालू होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, घरात नवरा मोठ्यानं बोलत असला की बायका ओढतात तसा, आणि ती संपेपर्यंत उभी राहिली. मग बसली. म्हणाली, दर सर्वपित्रीला घराच्या माळवदावर घास ठेवते. शेजारणीच्या माळवदावर कावळे तुटून पडतात, माझ्या पानाकडं बघतसुद्धा नाहीत. दहाव्यापासून हे असंच चाललंय. सासू गेली, तिचा पिंड पहिल्या झटक्यात शिवला. यांचाच अडला.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी त्यायला रोज कामाला लावायलाव. मानूस जाईल कसा?"

पण मालक झालेला माणूस एवढ्यात नमत नाही. तो म्हणाला, "वैनी, त्यो आवाज माज्या गळ्यातला हाय. म्याच काढतो त्यो."

"मग थांबवून बघा," मनकर्णा म्हणाली आणि चहाला न थांबता उठली.

त्याचा स्वाभिमान दुखावला. त्यानं दार लावून घेतलं आणि माणिकरावांची दिवाळीची जाहिरात एकट्याच्या आवाजात भरली. सलग, कुठंही न थांबता. टेप मागं नेऊन लावली. इरकल आली, पैठणी आली, आणि मधेच एक पोकळ जागा, जी त्यानं सोडलीच नव्हती, आणि त्या जागेत दमलेला आवाज, "बरं, मग?" पुसून पुन्हा भरली. पुन्हा तेच. नवी कोरी कॅसेट फोडली. पुन्हा तेच, फक्त आता आवाज जरा जवळ आला होता. भुजंगानं खटका दाबून टेप थांबवली. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की चंद्रभान साडीबद्दल विचारतो, सिनेमाबद्दल विचारतो. तो भुजंगाला विचारत होता. जत्रा आली, गेली, किती आल्या आणि किती गेल्या. बरं, मग?

तरीही हा गृहस्थ गप्प बसला बरं का. दिवाळीची जाहिरात दोघांच्या आवाजात गेली आणि गाजली. धंदा तोडायचा तर व्यापाऱ्यांना काय सांगायचं? दुसरे मालक मेले, आणि ते मेले तेव्हा तुमची ओळखही नव्हती, हे कसं सांगायचं? खाणं मात्र तुटलं त्याचं. कोकिळा रोज ताट परत न्यायची.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. इतक्या वर्षांचा लढा, कुठं पेढे, कुठं कुलपं, चौकाचौकात पोलीस. भोंगे बंद ठेवा असा निरोप सगळीकडं फिरला. भुजंगानंही दुकानातली सगळी मशीनं बंद केली, खटकेसुद्धा खाली पाडले. भर दुपारी स्टेशन रोड असा शांत त्यानं कधी बघितला नव्हता. त्या शांततेत काचेच्या कपाटातून, कॅसेटींच्या रांगेतून, कुणीतरी खाकरलं. आणि विचारलं.

भुजंग गल्ल्यावरून उठला. पण त्यानं पळ काढला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. कपाटाकडं तोंड करून तो म्हणाला, "उद्या कर हाय. बोरीला ये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो बोरीत उतरला. काखेत लहान टेप होता, सवयीनं घेतलेला. मनकर्णेला म्हणाला, आज त्याचा दिवस आहे, नदीवर पिंड ठेवू. का, कशाला, ते सांगितलं नाही. रामकिशन कुरकुरला, वर्षश्राद्धं झाली की सगळी, म्हणाला, पण आला. पिंड ठेवला. बाभूळ तीच, कावळेही तसेच गर्दी करून. खाली एकही नाही.

भुजंगानं वाळूवर टेप ठेवला, लाल बटण दाबलं आणि आपली नेहमीची जागा सोडून डाव्या बाजूला जाऊन बसला. मांडी घातली. एक हात गुडघ्यावर टेकवला. उजवीकडची जागा मोकळी ठेवली. आणि कुणाचाही आवाज न काढता, जन्माला आला तेव्हाचा जो काही त्याचा स्वतःचा आवाज असेल त्यात, तो म्हणाला, "बरं, मग?"

अगदीच पांचट निघाला तो शब्द. चंद्रभानाच्या शब्दातलं वजन त्यात औषधालाही नव्हतं. पण भुजंग गप्प राहिला. रामकिशननं डोळे वटारले. नदीचं पाणी वाहत होतं, वाऱ्यानं बाभळीच्या शेंगा खुळखुळत होत्या. थोड्या वेळानं भुजंग पुन्हा म्हणाला, "बरं, मग?" आणि पुन्हा गप्प. उजवीकडच्या मोकळ्या वाळूकडं बघण्याची त्याची हिंमत होत नव्हती.

मनकर्णा समोर बसली होती. आधी तिनं मान वर केली. मग तिच्या भुवया वर गेल्या. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. रामकिशनला वाटलं वैनी रडतीय. ती हसत होती. पदरात तोंड खुपसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एका हातानं वाळूवर थापट्या मारत हसत होती. इतक्या वर्षांत तिला कुणी असं हसताना बघितलं नव्हतं. भुजंगाला मात्र काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि बाभळीवरून एक कावळा उतरला, टुणटुण उड्या मारत आला आणि पिंडाला चोच मारली. मागोमाग सगळे आले. रामकिशन तिथंच हात जोडून उभा राहिला.

सगळं आटोपल्यावर भुजंगानं टेप मागं नेऊन लावली. त्याचे तीन प्रश्न होते. मधे वारा होता, पाणी होतं, आणि मनकर्णेचं हसू होतं. बाकी टेप कोरी होती.

तो जवळ जाऊन बसला. लहान तोंड करून त्यानं विचारलं, "वैनी, काय म्हणला त्यो?"

मनकर्णेनं डोळे पुसले. "तुमाला ऐकू आलं न्हाई?" तिला खरंच नवल वाटलं. "तुमचीच नक्कल केली की वो. हुबेहूब. ओठ बी तसाच वाकडा वढला. पुढच्या जत्रंला बघू, पुढच्या जत्रंला." आणि ती पुन्हा हसायला लागली. "पन ते काय हाय, भावजी? तुमी असं कवा म्हनायचे?"

भुजंगानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो ढसाढसा रडला. नदीवर, चारचौघांत, लोक काय म्हणतील याचा विचार न करता.

दुसऱ्या दिवशी परभणीला आल्यावर त्यानं चंद्रभानाचा आवाज एकदा काढून बघितला. आला नाही. गळ्यात काहीच नव्हतं. कोकिळेनं त्या दिवशी आपण होऊन एकच कप पाठवला. चारच्या सुमाराला बियाण्याचा एक नवा दुकानदार आला, खुर्चीत टेकला, इकडंतिकडं बघत म्हणाला, "दुसरे मालक दिसेनात?"

"वारले," भुजंग म्हणाला.

"अरेरे. कधी?"

"काल," भुजंग म्हणाला आणि आपला कप त्यानं पाहुण्यापुढं सरकवला.